हरकतीची मुदत

प्रिय ठमे,

फोनवर तुझी आई शेजारी असते आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं 'जेवलीस का' मध्ये घुसतं, म्हणून लिहितो आहे. शिवाय जे सांगायचंय ते मला तोंडाने जमायचं नाही. कागदावर निदान खाडाखोड करता येते.

इकडे बरं म्हणायचं. बाइंडिंगच्या दुकानात आता मी आणि मालक, दोघंच उरलो. घडी घालायचं यंत्र आलंय. ते माझ्यापेक्षा भराभर घडी घालतं आणि माझ्यापेक्षा वाकडी. परवा मालकाला पट्टी लावून दाखवली, दीड मिलिमीटरचा फरक. तो म्हणाला, "काका, वाचणारा काय पट्टी घेऊन बसतो?" पूर्वी मी त्याला तासभर सोडला नसता. परवा नुसती पट्टी खिशात ठेवली. हल्ली बरोबर असण्याचाही शीण येतो बघ.

तू परगावी गेल्यापासून घर फार गप्प झालंय. तू वेणी घालताना मी विचारायचो, राष्ट्रचिन्हात सिंह किती? तू तोंडात पिना धरूनच म्हणायचीस, "दिसतात तीन, आहेत चार, आणि बाबा, चौथा तुमच्या प्रश्नांना कंटाळून पाठमोरा बसलाय." आतून तुझी आई ओरडायची, "पोरीला आधी केस विंचरू द्या, राज्य मग चालवा!" आता मी विचारतो ते भिंतीला. भिंत चुकत नाही, एवढंच.

माझी शाळा सातवीत सुटली हे तुला ठाऊक आहे, पण संविधान मी कसा शिकलो ते कधी नीट सांगितलं नाही. दुकानात संविधानाची आवृत्ती बांधायला आली होती. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापलेली असतात, त्याला आम्ही फॉर्म म्हणतो. डाग पडलेले, उलटे छापलेले फॉर्म रद्दीत जायचे, ते मी मागून घ्यायचो. पहिल्यांदा हाती लागला तो शेवटाकडचा. पुढचे मिळायला वर्ष गेलं. लोक उद्देशिकेपासून सुरुवात करतात, मी मागच्या दाराने आत शिरलो. म्हणून तर कलम ३९४ मला तोंडपाठ. नागरिकत्वाची, निवडणुकीची अशी काही कलमं संविधान स्वीकारलं त्याच दिवशी, २६ नोव्हेंबर १९४९ला लागू झाली, बाकीची २६ जानेवारी १९५०ला. हे तुला मी दहादा तरी घोकायला लावलं असेल. तू एकदा म्हणालीस, "बाबा, पेपर काढणारा इतक्या मागे जात नाही हो." मी म्हणालो, त्याने जायला हवं.

तीन वर्षांपूर्वीच्या सरकारी नोकरीच्या परीक्षेत पेपर काढणारा तेवढा मागे गेला. प्रश्न ४१. विधान होतं की २६ जानेवारी १९५० पूर्वी संविधानाचं एकही कलम लागू झालेलं नव्हतं, बरोबर की चूक? परीक्षा मंडळाच्या पहिल्या उत्तरतालिकेत छापलं होतं, 'बरोबर'. माझं डोकंच फिरलं. तू तेव्हा आत्याकडे होतीस. हरकत उमेदवारालाच घेता येते, पण तुझा अर्ज मीच भरलेला, पासवर्ड माझ्याकडेच. बसलो, मुद्देसूद लिहिलं, माझ्या डागाळलेल्या पानाचा फोटो जोडला आणि तुझ्या नावाने हरकत पाठवून दिली. पंधरा दिवसांनी अंतिम तालिका लागली, त्यात 'चूक'. मंडळाने माझं ऐकलं! मालकाला सांगितलं, शेजारच्या शिंप्याला सांगितलं, रद्दीवाल्यालाही थांबवून सांगितलं. तू आल्यावर तुलाही. तू म्हणालीस, "छान केलंत, बाबा," आणि वाळलेले कपडे घेऊन आत गेलीस. मग निवड यादी लागली. तुला एक गुण कमी पडला.

गेल्या महिन्यात तुझ्या जुन्या प्रश्नपत्रिका एकत्र बांधून ठेवाव्या म्हणून काढल्या. त्यांत उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत निघाली. प्रश्न ४१चं वर्तुळ मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तू 'बरोबर' काळं केलं होतंस. मंडळाला जे हवं असेल असं तुला वाटलं, ते. म्हणजे पदरात पडलेला एक गुण तुझ्याच नावाने अर्ज करून मी काढून घेतला, वर चुकीचा पाव गुण कापवला. उत्तर फिरल्यावर इतरांचेही गुण गेले असतील, यादीची रेषाही खाली सरकली असेल, तेव्हा तुझं नेमकं किती नुकसान झालं ते काढायला बसलो. तीन कागद भरले. हिशेब लागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा एका प्रश्नाचं उत्तर मला 'माहीत नाही' असं लिहावं लागतंय.

आणि हरकत नोंदवल्याचा संदेश तुझ्याच फोनवर गेला असणार. ती मागे घ्यायला चार दिवस होते. तू घेतली नाहीस, आणि तीन वर्षांत एका शब्दाने बोललीही नाहीस. दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर उभी राहून लोकांची नावं लिहीत राहिलीस, सुट्टीत अभ्यास करत राहिलीस. त्या चार दिवसांत तुझ्या मनात काय चाललं होतं, हा प्रश्न मी कुठल्या पुस्तकात शोधू?

माफी मागतो आहे, पण कशाची ते नीट समजून घे. हरकत खरी होती. ती चुकीची होती असं मी मेलो तरी म्हणणार नाही. माझी चूक एवढीच की बोटभर अंतरावर फोन होता आणि 'ठमे, तू काय लिहिलंस?' एवढं मी विचारलं नाही. मी शिकवलंय म्हणजे तू तेच लिहिणार, असं धरून चाललो.

हे आजच लिहायचं कारण सांगतो. वयात बसणारा तुझा शेवटचा पेपर गेल्या आठवड्यात झाला आणि काल त्याची पहिली तालिका लागली. प्रश्न ६३, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती कोणत्या वर्षी अमलात आली? त्यांनी १९९२ छापलंय. मंजुरी ९२ची, अमलात आली २४ एप्रिल १९९३ला. पान काढून ठेवलंय, खूणही घातली आहे. पण पाठवलेलं नाही. मुदत पुढच्या सोमवारी संपते. पासवर्ड बदलून टाक, माझ्याकडे नको. हरकत घ्यायची की नाही ते तू ठरव. घेतलीस तर पान पाठवतो, नाही घेतलीस तर पुन्हा विषय काढणार नाही. मला फक्त एवढंच सांग, ठमे. तू काय लिहिलंस?

तुझाच, या वेळी विचारून थांबलेला,
बाबा