अंगठा उमटत नसल्याबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
कारागीर यंत्रसाहाय्य कक्ष,
छत्रपती संभाजीनगर

विषय : लाकूड घासण्याच्या यंत्राऐवजी वाळू चाळण्याचे यंत्र मंजूर झाल्याबाबत, व दुरुस्तीसाठी अर्जदाराचा अंगठा उमटत नसल्याबाबत.
संदर्भ : आपला मंजुरी आदेश, दि. ९ जानेवारी २०२४.

महोदय,

मंगळवार, दि. २७ फेब्रुवारी रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता आपल्या कार्यालयातील यंत्राने अर्जदार पारूबाई कडुबा सोनवणे यांचा अंगठा चौथ्यांदा नाकारला.

१. अर्जदार मूळच्या वैजापूर तालुक्यातील. २०१९च्या दुष्काळात विहीर आटली तशा त्या नवऱ्यासह पडेगावला आल्या. तेव्हापासून इंद्रजीत जगदाळे यांच्या सुतारशेडमध्ये दारे घासतात. चिकलठाण्याकडे नवी घरे उठत असल्याने दारांना खळ नाही. दिवसाला सहा दारे. आधी जाड पॉलिशपेपर, मग बारीक, सगळे हातानेच. बोटांना आता खरखर कळत नाही. दार गुळगुळीत झाले की नाही, हे त्या फळीला गाल लावून ठरवतात.

२. अर्ज करण्यापूर्वी शेडमध्ये तीन यंत्रे मागवून पाहिली. पट्ट्याच्या यंत्राने डोळ्याचे पाते लवण्याआधी वरचा सागाचा पातळ थर खाल्ला. ग्राइंडरला चकती लावली, तर पॉलिशखाली चंद्रकोरी उमटल्या. तिसरा पाच इंची ऑर्बिटल सँडर, भुशाची पिशवी असलेला. त्याने घासलेल्या फळीला पारूबाईंनी एक गाल लावला, मग दुसरा, आणि ‘हे माणसावानी घासतंय’ असे सांगितले. म्हणून अर्जात तोच लिहिला.

३. आदेशात ‘सँडर’ या शब्दाचे मराठीकरण होऊन ‘वाळू चाळण्याचे विद्युत यंत्र’ असे झाले. ते यंत्र मात्र आठ दिवसांत आले व शेडबाहेर उभे आहे. शेडमध्ये वाळू नाही. यंत्र पाहून वाळूचा साठा कुठे दडवला, याची चौकशी करण्यास दोनदा तहसीलची माणसे येऊन गेली. दुसऱ्या वेळी त्यांनी लाकडाचा भुसाही उपसून पाहिला.

४. आदेशातील शब्द बदलण्यास लाभार्थीचा अंगठा यंत्रावर उमटावा लागतो. मूळ अर्जावर शाईचा अंगठा चालला होता. अंगठ्याचे यंत्र त्यानंतर बसले. पारूबाईंच्या अंगठ्यावर रेषा राहिलेल्या नाहीत. महिनाभर घासकाम बंद ठेवा, रेषा परत येतील, असा सल्ला खिडकीवर मिळाला. तो खराही असेल. परंतु योजनेच्या अट क्र. ७ नुसार लाभार्थी सलग कामावर हवा. पंधरा दिवसांचा खाडा पडल्यास मंजुरी रद्द होते. हे दोन्ही नियम त्याच खिडकीवर एकामागून एक वाचून दाखवण्यात आले. पारूबाई एवढेच म्हणाल्या, ‘माह्या रेषा दारायला गेल्या, साहेब. लोकायच्या घरी जाऊन बघा.’ यावर पुढच्या माणसाला बोलावण्यात आले.

तरी शाईचा अंगठा ग्राह्य धरून आदेशातील तेवढा शब्द बदलावा, ही विनंती. दुरुस्तीची मुदत ३१ मार्चला संपते. हा अर्ज लिहून होईपर्यंत अर्जदार आजच्या चौथ्या दाराला लागल्या आहेत. हातानेच.

उत्तराची वाट पाहणारी,
(निशाणी डाव्या अंगठ्याची)
पारूबाई कडुबा सोनवणे, पडेगाव

लिहून देणार : मंदार देवगावकर, पडेगाव
दि. १ मार्च २०२४

सोबत :
१. मंजुरी आदेशाची प्रत.
२. अंगठा नाकारल्याच्या चार पावत्या.
३. निशाणीचा जादा कागद. अंगठा तीनदा घेतला. शाई उमटते, रेषा उमटत नाहीत.