उजवा आरसा

रविवार, जानेवारी अखेर. खेड.

पितळेचे सुटे भाग एकदाचे आले. बाबा मिलिटरीत असताना चालवायचे त्या ट्रकचं हे वीतभर मॉडेल, आणि किटमधला प्लॅस्टिकचा उजवा आरसा मला बघवत नव्हता. नवा मसुराच्या डाळीएवढा, पण खराखुरा चकचकीत. दुपारभर खपून चिमट्याने चिकटवला. उन्हं उतरली तसा त्याचा कवडसा भिंतीवर पडला. ट्रक जरा वळवला की तो घाटातल्या गाडीच्या दिव्यासारखा सरकायचा. किती वेळ नुसता बघत बसलो कोण जाणे.

बाबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी ट्रकवरून बोट फिरवलं आणि आरशाशी थांबले. "हा काढ. आमच्या गाडीला नव्हता."

मला रागच आला. फोटो बघून केलंय सगळं. तसं म्हणालोही.

"चमकला की लांबून शत्रूला दिसतो रे. वर चौकीवर जाताना काढून ठेवायचो. मग सगळे त्यातच बघून दाढ्या करायचो. शेवटी माझ्याच ट्रंकेत राहिला."

"मग कुठाय तो?"

"मोरीत. रोज बघतोस की."

कडेने गंजलेला, खिळ्याला अडकवलेला तो आरसा. मिसरूड फुटल्यापासून त्यातच बघून दाढी करतोय. एकदाही विचारलं कसं नाही मी?

गोंद अजून ओला होता. आरसा काढला, पितळी दांडा तसाच ठेवला. कवडसा गेला.

उद्या दाढी करताना खांद्यामागे रस्ता दिसेल, असं उगाच वाटतंय.