पत्र्यावरची तिरकी चौकट

प्रिय दादा,

तू पोचल्याचा निरोप आईला मिळाला. ती बरी आहे, म्हणजे जेवते, झोपते, शेजारच्या काकू आल्या की बोलते. टीव्ही लावते आणि आवाज बंद ठेवते. मीही बरी आहे. बाबा गेल्यापासून मला रडू आलेलं नाही, आणि त्याची काळजी वाटायला हवी तीही नीटशी वाटत नाही. सकाळी वर्कशॉप उघडते, त्यांच्या स्टुलावर न बसता माझ्याच स्टुलावर बसते. दुरुस्तीला आलेले अँप्लिफायर पुरे करून ज्याचे त्याला पोचते करते आहे. एकदा तपासते, मग परत तपासते. ‘ही एकदा नाही, दोनदा जन्माला आलीय,’ असं बाबा म्हणायचे आणि ‘दोनदा’ अशीच हाक मारायचे. आता कोणी म्हणत नाही, तरी मी दोनदाच तपासते.

बाकी सगळे अँप्लिफायर गेले, तुझा तेवढा उरला. निघताना तू दारातूनच म्हणालास, ‘माझा तो डबा भंगारात दे.’ आत आला नाहीस. मी बरं म्हटलं. पण द्यायच्या आधी चालतो का बघावं म्हणून लावला, आतले व्हॉल्व्ह तापू दिले, तर स्पीकरमधून तीच घूं. तुझ्या पहिल्या कार्यक्रमातली. जुना आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून बाबांनी मोठा बसवला होता, आणि तू गिटारला हात लावायच्या आधीच अख्खा हॉल गुणगुणायला लागला. मागून कोणीतरी ओरडलं, ‘अहो, आधी ती गिरणी बंद करा!’ घरी येऊन तू म्हणालास, त्या नव्या ट्रान्सफॉर्मरनं घात केला. बाबा म्हणाले, ‘माझ्या कामात खोट नाही, तुझ्या कानातच घूं आहे.’ त्यानंतर तुम्ही दोघं बोललात ते माझ्यामार्फत. ‘त्याला सांग, जेवायला वाढलंय.’ ‘त्यांना सांग, मी निघालो.’ मी दोन्हीकडे जसंच्या तसं सांगत राहिले, एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून.

तर मी अँप्लिफायर उघडला. प्लग काढला, कंडेन्सरमधली वीज उतरवली, उतरली का ते मीटरनं पाहिलं, परत पाहिलं. मग बाबांनी शिकवलेल्या क्रमानं घूं शोधायला घेतली. आधी पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर. जुने फुगलेले असतील असं धरून मी नवे काढून ठेवले होते, पण आतले कंडेन्सर नवेच होते. अर्थिंगच्या वायरी जागोजागी जोडलेल्या असायच्या, त्या एका ठिकाणी आणलेल्या. व्हॉल्व्हच्या फिलॅमेंटच्या वायरींना ताजा पीळ, आणि सोल्डरचा डागही बाबांचाच, गोल, चकचकीत. मी जिथे जिथे जावं तिथे ते आधीच जाऊन आले होते. कधी, ते मला ठाऊक नाही. तुझा डबा ठेवलेल्या कोपऱ्यावर नेहमी कापड असायचं आणि मी ते कधी उचललं नाही.

शेवटी तो मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर पाहिला. त्याच्या बुडाखालून पेन्सिलीच्या रेघेचे कोपरे बाहेर डोकावत होते. चार बोल्ट काढून तो उचलला. खाली पत्र्यावर एक चौकट आखलेली होती, तिरकी, आणि तिच्या कोपऱ्यांत बोल्टसाठी चार ठिपके. मी त्याला हेडफोन जोडला, फक्त वीज घेणारा मेनचा ट्रान्सफॉर्मर चालू केला आणि हा हळूहळू फिरवत गेले. जुन्या जागी, मेनच्या ट्रान्सफॉर्मरला समांतर, स्पष्ट घूं होती. फिरवत त्या चौकटीवर आणला आणि काहीच ऐकू येईना. मी पुन्हा जुन्या जागी आणला, पुन्हा चौकटीवर. दोन्ही वेळा तेच. दादा, तुझे कान बरोबर होते. बाबांना ते कळलं होतं. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. मी हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली आणि चहा करायला गेले.

चहा गाळताना लक्षात आलं की ते चौकटीपाशीच का थांबले. त्यांचा नियम तुला माहीत आहे. कंडेन्सर बदलला तर परत जुना लावता येतो, पाडलेलं भोक परत बुजत नाही. म्हणून मालकाला विचारल्याशिवाय पत्र्याला ड्रिल नाही. ते संगीताचे मास्तर दवाखान्यात खाटेवर होते, तरी बाबांनी एका भोकासाठी फोन लावून विचारलं होतं आणि मास्तर वैतागून म्हणाले होते, ‘अहो, माझं पोट फाडताना इतकं विचारलं नाही कोणी!’ त्या नियमात तुझ्यासाठी वेगळी सवलत नव्हती. त्यांना फक्त तुला विचारायचं होतं. तेवढं झालं नाही, आणि या वेळी त्यांनी ते माझ्यामार्फतही विचारलं नाही. ट्रान्सफॉर्मर पुन्हा जुन्या भोकांवर कसून बसवला आणि वर कापड टाकलं.

फोन केला असता, पण तू ‘कर काय ते’ म्हणून ठेवून देशील, आणि ते मला परवानगी म्हणून धरता येणार नाही. भंगारात दे म्हणालास तेव्हा खाली काय आखलंय ते तुला माहीत नव्हतं, म्हणून तेही मी अजून धरलेलं नाही. चौकट पुसली जाऊ नये म्हणून वर पारदर्शक टेप लावली आहे. ड्रिल काढून ठेवलंय. अँप्लिफायर तुझा आहे, म्हणून विचारते, त्यांच्याकडूनही आणि माझ्याकडूनही: पत्र्याला चार भोकं पाडू का?

तुझीच,
दोनदा