ज्योतीची बदली

२ फेब्रुवारी, सोमवार. राजूर.
ज्यो.चा फोन. तिची हॉस्पिटलातून बदली. पुढच्या सोमवारपासून नवीन ठिकाणी. लांब हाय का विचारलं. म्हणाली, न्हाई, बसनं वीस मिनिटं. मग माझी गॅसवर भाजी लागत होती म्हणून फोन ठेवला.
अण्णांना सांगितलं. अण्णा झेडपीचे मास्तर होते, अकोल्यापासून श्रीगोंद्यापर्यंत सगळा नगर जिल्हा बदल्यांत पाहिला त्यांनी. पेपर खाली न करता म्हणाले, "सोयीची का गैरसोयीची?" म्हटलं, सोयीची असंल. "मग पेढे आण." आमच्या घरात बदली म्हणजे पगार तोच, खातं तेच, फक्त गाव नवं. त्या बदल्यांत मी सहा शाळा केल्या. म्हणून शिक्षण राहिलं असं मी लोकांना सांगतो. सातवी शाळा असती तरी तेच झालं असतं.
पेढे आणायला गेलो तर बाजारात एक आजोबा खेकडे घेऊन बसलेले. खेकडा न चावता कसा धरायचा ते तासभर शिकलो. पेढे राहिले.

५ फेब्रुवारी, गुरुवार. नगर.
एजंट मॅडमकडे. फाईल वकिलातीत जाऊन पाच आठवडे झाले. ज्यो. जर्मनीत नर्स, तिच्या नोकरीवर माझा व्हिसा. तिची नोकरी पक्की पाहिजे, घर दोघांना पुरेल एवढं पाहिजे, मला ए-वनपुरती, म्हणजे पहिल्या पायरीची, जर्मन यायला पाहिजे. ए-वनची परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली. बाकी दोन्ही तिच्या हातात.
मॅडम म्हणाल्या, काही बदललं की आपण होऊन कळवायचं, लपवलेलं सापडलं की संपलं. तिथंच मराठीत लिहून दिलं : पत्नीची बदली झाली आहे, नोकरी तीच आहे. मॅडमनी इंग्रजीत केलं, 'ट्रान्सफर'. सही ठोकली, गेलं. "आता त्यांच्या नोकरीचं नवं पत्र मागवा, मागाहून जोडू."
ज्यो.ला मेसेज टाकला. "पाठवते."

१० फेब्रुवारी, मंगळवार. भंडारदरा.
पत्र नाही.
पुण्याचे चौघं जीपमध्ये. धरणाला चक्कर. प्रत्येक वळणावर फोटो. ते चहाला उतरले तेव्हा ज्यो.चा व्हिडिओ कॉल. अंगावर लाल-मरून कपडे. हॉस्पिटलचे आकाशी असतात. विचारलं तर "इथं हेच देतात." आणि ती बसली होती गाडीत. डावीकडच्या सीटवर. तिकडं स्टेअरिंग डावीकडं असतं एवढं मला कळतं.
"कुणाची गाडी?"
"कामाची."
"चालवतं कोण?"
"मीच की."
हसली. मी पण हसलो. याच रस्त्यावर मी तिला जीप शिकवली, लग्नानंतरच्या चार महिन्यांत. पण तिकडं आपलं लायसन सहा महिने चालतं, मग नवं काढावं लागतं. लेखी, प्रॅक्टिकल, लई महिने जातात म्हणे. हे मलाच माहीत, कारण माझ्यासाठी मी सगळं बघून ठेवलंय. तिनं काढलं कधी? जाऊन दीड वर्ष झालं, रोज फोन होतो, लायसनचा ल नाही.
स्टँडवर बाळूची जीप माझ्या मागंच लागलेली असते. त्याला सांगितलं. म्हणाला, "भावा, गाडी कुणाची ते सोड. मागच्या सीटवर कोण हुतं?" वाईट तोंडाचा माणूस. कोणी नव्हतं. दिसलं तेवढ्यात तरी नव्हतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. राजूर.
कॉल चालू असताना ती उतरली होती तेव्हा मी स्क्रीनशॉट मारला होता. का मारला माहीत नाही. आज मोठा करून बघितला. गाडीच्या दारावर नाव आहे. अर्धं दिसतंय, अर्धं तिच्या कोपरामागं. ए-वनच्या जोरावर लावलं : घरी जाऊन आजारी माणसांची सेवा करणारी कुठलीतरी कंपनी. हॉस्पिटलचं नाव फाईलमध्ये मी दहा वेळा लिहिलंय, स्पेलिंग पाठ आहे. हे ते नाही.
म्हणजे बदली नाहीच. नोकरी सोडली.
फोन केला नाही. जीपचं रेडिएटर उघडून बसलो. त्यातली एक नळी निघाली ती परत कुठं लावायची ते कळेना.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. श्रीगोंदा.
घरात बसवेना. एकाची ट्रॉली कारखान्यावर न्यायची होती, गेलो. उसाच्या रांगेत सहा तास. मग सासुरवाडी जवळच, म्हटलं डोकावू.
सासूबाईंनी चहा ठेवला. पाठमोऱ्या बोलता बोलता : "बरं झालं बाई ज्योतीनं नवी नोकरी धरली. रातपाळी सुटली. रडायची वो." त्यांनी मान वळवली. "तुमाला सांगितलं न्हाई व्हय, जावईबापू?"
"सांगितलं की."
"मंग ठीक."
मी खोटं बोललेलं त्यांना कळलं असावं. बशीत दोन बिस्किटं जास्तीची आली.
आईला माहीत. नवऱ्याला नाही. रडायची हे पण आईलाच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. राजूर.
विचारलं शेवटी. जसं झालं तसं लिहून ठेवतो, नंतर माझं मीच बदलतो.
"तू नोकरी सोडली."
"मग? सांगितलं की तुम्हाला. पहिल्याच दिवशी."
"बदली म्हणालीस."
"मी 'बदलीवर लागले' म्हणाले."
"तेच ते."
"तेच कसं? आमच्या अप्पांनी कारखान्यात नऊ सीझन बदलीवर काढले. कोणी रजेवर गेला की त्याच्या जागी. इथं एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिच्या जागी मी. याला दुसरं काय म्हणतात?"
मी म्हटलं, आमच्यात बदली म्हणजे खातं तेच. ती म्हणाली, "तुमच्यात बदलीला पेढे वाटतात, आमच्यात बदलीवाल्याला गेटवर थांबवतात. मला काय माहीत तुम्ही कुठलं ऐकलं?"
फोन ठेवून ही वही उघडली. दोन तारखेला काय लिहिलंय? 'तिची हॉस्पिटलातून बदली.' हे माझे शब्द आहेत. तिचे कुठले होते ते लिहिलेलं नाही. भाजी लागत होती हे लिहिलंय.
पण लायसन? ते बदलीत बसत नाही. मन तिथं परत परत जातं.

२१ फेब्रुवारी, शनिवार. नगर.
मॅडमनी चष्मा काढून ठेवला. नवी कंपनी, त्यात ती बाई परत येईपर्यंतच, त्यात सहा महिने चाचणीवर. "अहो, तुम्ही सहीनिशी ट्रान्सफर कळवलंय. नोकरी तीच आहे म्हणून." म्हटलं, मराठीत दोन अर्थ होतात. "वकिलातीत एकच होतो." मग जरा हळू आवाजात, "तुमचं दोघांचं नीट आहे ना?"
दुरुस्तीचं पत्र दिलं. मॅडमनी नव्या कराराची प्रत ज्यो.कडून दोन मिनिटांत मागवली. माझ्या मेसेजला सोळा दिवस 'पाठवते'.

२३ फेब्रुवारी, सोमवार. राजूर.
भांडण. लायसन तिनं ऑगस्टमध्ये काढलं. फाईल टाकायच्या चार महिने आधी.
"म्हणजे तेव्हापासून ठरवलं होतं."
"तेव्हापासून मनात होतं. वॉर्डात रात्री अठ्ठावीस पेशंट, आम्ही दोघी. घरोघरी जायचं काम मला आवडतं. दोन-तीन वर्षांनी माझं स्वतःचं काढीन."
"फाईल झाल्यावर सोडायची होतीस."
"जागा आत्ता निघाली. फाईलला वर्ष लागलं तर? तोवर तिथंच थांबू?"
"माझ्यासाठी, हो."
मग ती म्हणाली, "तू कुठं आजवर एका जागी थांबलास? आयटीआय सोडलं, नाशिकची कंपनी सोडली, फोटोग्राफी काय, मधाच्या पेट्या काय. तू येशील आणि सहा महिन्यांत म्हणशील, इथं करमत न्हाई. मग माझं काय?"
लग्नापासून मला तुम्ही म्हणते. आज तू. चुकून आलं का कुठंतरी सवय झाली, कळेना. तिकडच्या भाषेत पण दोन्ही असतात. आपल्या माणसाला तू म्हणतात. ए-वनमध्ये दुसरा धडा.
मला यायला नको असेल तर सरळ म्हण, असं बोललो. ती म्हणाली, "मी असं म्हणाले का?" तसं म्हणाली नाही. पण ये असंही म्हणाली नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार. भंडारदरा.
वकिलातीचा मेल. फाईल बंद केलेली नाही. नवरा-बायकोनं वेगवेगळं, एकमेकांना न दाखवता लिहून द्यायचं. नोकरी का बदलली, पुढचा बेत काय, आणि दुसऱ्याला हे कधी व कसं कळलं. तिनं तिकडं, मी इकडं.
मॅडम फोनवर : तारखा जुळल्या पाहिजेत. न जुळणारे अर्ज म्हणजे त्यांच्या लेखी कागदावरचं लग्न.
बाळू म्हणाला, "सोपंय राव. फोन लाव, एकच तारीख ठरवा." अर्धा दिवस तेच डोक्यात. ठरवून खोटं लिहिलं तर जुळेल. न ठरवता खरं लिहिलं तर कदाचित नाही. गिऱ्हाइकानं धबधबा कुठाय विचारलं, मी म्हटलं पावसाळ्यात.

५ मार्च, गुरुवार. राजूर.
कागद आज गेलाच पाहिजे. सकाळी फोन लावला.
"लिहिलंस?"
"सोमवारीच गेलं."
"कळल्याची तारीख कुठली टाकलीस तेवढं सांग."
"खरी टाकली."
"खरी म्हणजे कुठली, ज्योती?"
"तुम्ही पण खरी टाका. जुळंल."
परत तुम्ही. फोन मात्र ठेवला नाही. तिच्याकडं गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. मग म्हणाली, पेशंटचं घर आलं.
तिला खरंच वाटत असेल की पहिल्याच दिवशी सांगितलं, तर तिनं दोन तारीख टाकली असणार. लपवलं हे मनात कबूल असेल तर एकोणीस. मी खरं लिहायचं तर तेरा, दारावरचं नाव. पण 'बायकोच्या गाडीचा फोटो मोठा करून कळलं' हे कुठल्या तोंडानं लिहू? आणि सासूबाईंचा चहा सतराचा.
अण्णांना विचारलं. दाढी करत होते. "दोघांचं जुळलं की पास, असं मी कधी केलं न्हाई. कॉपी करणाऱ्यांच्या चुकासुद्धा जुळायच्या, त्यावरनंच धरायचो." मग मी काय करू? "तिनं काय लिहिलं असंल, हे तुला सांगता येत न्हाई ना? मग तेवढाच प्रश्न विचारलाय त्यांनी."
कुरिअरवाला चारला शटर ओढतो. सव्वातीन झाले. का बदलली, ते लिहिलं : रात्रपाळी, आणि तिला ते काम आवडतं. पुढचा बेत, ते लिहिलं : तिला स्वतःचं काढायचंय. हे लिहिताना हात अडला नाही, याचं मलाच नवल वाटलं. कसं कळलं, तिथं 'फोनवर' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
तारखेला तीन चौकोन आहेत. वर्ष भरलं. महिना फेब्रुवारी, तोही भरला.