जजसाहेबांची चाळिसावी ओळ

तीर्थस्वरूप मावशीस,

कंबर धरल्यामुळे जमेल तितकंच वाकून नमस्कार. तुझ्या दाढेचं कसं काय? माझी तब्येत उत्तम आहे, फक्त झोप, भूक आणि डोकं ठिकाणावर नाही.

'जजसाहेबांना एकदा तुझ्या कामाला बरं म्हणू दे, मग त्यांच्या मुलीचा विषय मी काढते,' असं तू म्हणालीस, म्हणून त्यांचं काम मी सगळं टाकून हाती घेतलं. निवृत्तीनंतर ते आत्मचरित्र लिहितायत, तेही मी केलेल्या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये (त्याचं दुसरं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय). सध्या प्रस्तावनाच वीस पानांवर गेलीय. हे बाहेरच्या खोलीत लिहिणार, मुलगी आतल्या खोलीत आपल्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीत दुरुस्त्या करणार, आणि दोघं भिंतीआडून ओरडणार. म्हणून हुकूम झाला, प्रत्येक ओळीला नंबर दे. मी म्हटलं, हा तर डाव्या हाताचा मळ!

पहिल्यांदा आकड्यांची पट्टी जागच्या जागी उभी आणि मजकूर एकटाच वर सरकतोय. ते निस्तरलं, तर वीस पानांना मिळून आकडा एकच, तो म्हणजे एक! कारण एंटर दाबल्याशिवाय ओळ संपली असं कॉम्प्युटर मानत नाही, आणि साहेबांनी एंटर कधी दाबलेलंच नाही (कोर्टातही म्हणे त्यांचं वाक्य संपेपर्यंत वकील जेवून यायचे). मग मी दिसेल त्या ओळीला नंबर दिला. साहेब खूश. 'यात चूक होणार नाही ना?' त्यांनी विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, 'माणूस चुकेल, माझा आकडा चुकणार नाही.'

पण मावशी, त्यांचा स्क्रीन हा एवढा मोठा, तिचा इवलासा. लहान स्क्रीनवर ओळी लवकर मोडतात, म्हणजे त्यांची चाळिसावी ओळ ती तिची चाळिसावी नव्हेच! हे मला घरी आल्यावर सुचलं, घास तोंडाशी नेताना. तेव्हापासून नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. बाकी काम छान झालंय, तू खुशाल विषय काढ.

तुझाच,
भाचा

ता. क. खरं सांगायचं तर इतक्यात काढू नकोस. काल मी शेजारी बसलेलो असताना साहेब ओरडले, 'चाळिसावी ओळ काढून टाक!' त्यांच्या चाळिसाव्या ओळीत शेजाऱ्याच्या कुत्र्याचा उद्धार होता. तिच्या चाळिसाव्या ओळीत होतं, 'हा प्रोग्रॅम करणारा मुलगा जावई झाला तर मला आनंदच होईल.' तिला वाटलं, बाबांचं मन फिरलं. फोनवर मला ते वाचून दाखवलं, रडली आणि फोन ठेवला. आता चूक कबूल करावी तर अब्रू जाते, न करावी तर बायको जाते. तूच जाऊन साहेबांकडून ते वाक्य पुन्हा वदवून घे, फक्त आकड्यांचं नाव काढू नकोस.

ता. ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात तिचा फोन आला. मला राहवलं नाही, सगळं भडाभडा सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'ती ओळ मी काढलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं ऐकलं नाही.' मावशी, आहेस तशी निघ. आकडे काय, लग्नानंतरही दुरुस्त होतील.