तरोट्याची भाजी

मंगळवार, आषाढ. दिवेलागणीला.

सुनंदा पहिल्या बाळंतपणाला घरी आली आहे. सकाळी म्हणाली, "आई, मले तरोट्याची भाजी खावीशी वाटते." एवढंच मागितलं पोरीनं. पूर्वी निंदताना ओटीभर तरोटा मिळायचा. आज सगळं वावर पालथं घातलं, कपाशीत गवताची काडी नाही. तणनाशक आलं, निंदण गेलं, आम्ही बायाही वावरातून गेलो. हे म्हणतात, "वावर कसं साफ दिसते, पाह्य!" काय पाहू?

शेवटी विहिरीच्या काठाला दिसला, कोवळा, लुसलुशीत. खुडायला वाकले आणि आठवलं, किडीच्या औषधाचा पंप हे तिथंच धुतात. रिकाम्या ओटीनं परतले.

सुनंदाला म्हटलं, तरोटा अजून उगवलाच नाही. "बरं," म्हणाली, आणि माठातलं पाणी प्यायली. पाणी त्याच विहिरीचं.