चालणारा मासा आणि माझं व्याख्यान

२ ऑगस्ट २००३
ठरलं! आळीच्या गणपतीत यंदा माझं व्याख्यान. विषय : इंटरनेटवरचं अद्भुत जग. मंडळाचे अध्यक्ष महिपतराव म्हणाले, पुण्याचा वक्ता नाही म्हणाला, तेव्हा तुम्हीच बोला. रत्नागिरीला माझी आठवण झाली, उशिरा का होईना. ऐकायला वाचनालयाचे कार्यवाह येणार. त्यांच्या डिसेंबरच्या व्याख्यानमालेचं पहिलं पुष्प अजून रिकामं आहे. ते मला हवंय. अगदी मनापासून हवंय. बँकेत आयुष्यभर पासबुकं भरत आलोय, आता चार माणसांनी माझं ऐकावं.

५ ऑगस्ट
संदेशच्या सायबर कॅफेत रोज फक्त अर्धा तास. शिस्त म्हणजे शिस्त. आज तीन तास झाले, पण नेट दोनदा गेलं होतं. जमा : दोन तोंडांचं कासव. जपानातलं चौकोनी कलिंगड. अमेरिकेत एका बाईने कुत्र्याचं लग्न लावलं, आहेरासकट. पाश्चात्त्यांच्या रितेपणावर थोडं भाष्य करीन.

११ ऑगस्ट
हुकमाचा एक्का मिळाला! चिखलात चालणारा मासा. परांवर सरकतो, झाडाच्या मुळांवर चढतो, डोळे थेट डोक्यावर. खाली लिहिलंय, उष्ण प्रदेशातल्या खारफुटीत आढळतो. म्हणजे आफ्रिका वगैरे. संदेश काहीतरी सांगू लागला. त्याला म्हटलं, मध्ये बोलू नकोस, प्रोजेक्टरला लागणाऱ्या पारदर्शक कागदावर प्रिंट काढ. घरी मालिनी म्हणाली, आपल्या खाडीत असेल का हो? असता तर मला दिसला नसता? तसा मी खाडीकडे जात नाही. मासळीच्या वासाने डोकं उठतं, आणि आमच्याकडे कांदासुद्धा विचार करून चिरतात.

३० ऑगस्ट
उद्या गणपती. भाषण आज पाठ करायचं होतं. मखर, गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं, मोदकांचे नारळ. राहिलं. उत्स्फूर्त बोलणंच जास्त भिडतं.

३ सप्टेंबर, सकाळ
काल व्याख्यान झालं. मंडप भरलेला. कासवाला शांतता. कलिंगडाला एक जांभई. कुत्र्याच्या लग्नाला मात्र हशा. मग आवाज चढवून म्हटलं, हा जीव तुमच्यापैकी कोणी जन्मात पाहिला नसेल! आणि पडद्यावर मासा टाकला.

मागून गंगाराम खलाशी ओरडला, "अरे, ह्यो तर निवटा!"

मंडप उसळला. श्रावण लागल्यापासून या माणसांनी मासा तोंडात घातलेला नाही, आणि घरोघर गणपती अजून बसलेले. कोणी म्हणे केवढा पोसलाय, कोणी म्हणे कुठल्या खाडीचा. एकाने तर मलाच विचारलं, वाटा केवढ्याला? तेवढ्यात अंगणवाडीच्या राजश्रीताई उभ्या राहिल्या. निवटे राखेत कसे चोळायचे, तिरफळं किती, कोकम कधी टाकायचं, सगळं सांगितलं. मी मध्ये दोनदा 'तर मित्रहो' म्हटलं. महिपतराव मला म्हणाले, जरा थांबा हो, त्यांचं होऊ दे.

कार्यवाह पुढे वाकून, भान हरपून ऐकत होते. विषयाची गोडी लावली ती मीच. पहिलं पुष्प पक्कं.

१२ सप्टेंबर
कार्यवाह आज बँकेत आले. पहिलं पुष्प ठरलं. 'खाडीची चव', वक्त्या राजश्रीताई. वाईट वाटलं. डबा तसाच परत आणला. पण वक्त्यांचा परिचय मी करून द्यायचा आहे, आणि परिचय म्हणजे छोटं व्याख्यानच की. दोन मिनिटं दिली आहेत.

मालिनीला सांगितलं. ती म्हणाली, दोनच मिनिटं ना? मग येते.